दुष्काळ शोधायचा कुठे?

खालचं संभाषण कुठल्या एका दिवशी, कुठल्या एका महाविद्यालयात झालेलं नाही. स्टाफरूममध्ये, नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयाच्या मूल्यांकनाच्या, तयारीच्या बैठकांत, ग्रंथपाल दिनाच्या चहापानाला तुकड्यातुकड्यांनी ते कानावर पडत आलं. इथं मी ते दोन माणसांच्या तोंडी एकत्र बांधलं आहे. एक अर्थशास्त्राचे प्राध्यापक, निवृत्तीला आलेले. दुसऱ्या त्याच महाविद्यालयाच्या ग्रंथपाल. गाव सोलापूरकडचं समजा, तालुक्याचं, महाविद्यालय अनुदानित, मुलं बहुतेक मराठी माध्यमाची. वाद असा, की माहिती शोधायची कशी, पारखायची कशी आणि वापरायची कशी हे मुलांना ग्रंथालयानं शिकवावं का? या शिकवण्याला ‘माहिती साक्षरता’ असं जड नाव आहे. माझा कल कुणाकडे आहे ते लपणार नाही. म्हणूनच दुसऱ्या बाजूच्या वाट्याला लंगडी वाक्यं येऊ नयेत, एवढी काळजी घेतली आहे.

प्राध्यापक: मॅडम, तुमची नोटीस वाचली. प्रथम वर्षासाठी ‘ग्रंथालय परिचय’, एक तास, उपस्थिती अनिवार्य. दरवर्षी होतो हा कार्यक्रम. मुलं येतात, सह्या करतात, ग्रंथालयाच्या संगणकसूचीच्या पडद्याचा फोटो काढतात आणि परीक्षा आली की झेरॉक्सच्या दुकानात रांग लावतात. कशाला हा खटाटोप?

ग्रंथपाल: तो तास फुकट जातो, हे तुमच्याआधी मीच सांगते. नॅकच्या फाइलला फोटो लागतो म्हणून तो होतो. प्रवेश घेऊन आठ दिवस झालेल्या मुलाला अजून काही शोधायचंच नसतं. ज्याच्याकडे प्रश्न नाही त्याला शोध शिकवून काय करू? मला तो तास नकोच आहे. त्याऐवजी तुमच्या तृतीय वर्षाच्या प्रकल्पातले तीन तास द्या.

प्राध्यापक: अच्छा, म्हणजे दुखणं ग्रंथालयाचं आणि औषध माझ्या वेळापत्रकातून! अहो, अभ्यासक्रम संपवता संपवता नाकी नऊ येतात. शिवाय एक विचारतो, राग मानू नका. ही ‘माहिती साक्षरता’ नक्की कुणाची गरज आहे? 1974 साली हा शब्दप्रयोग वापरात आणला तो पॉल झुरकोव्स्की यांनी. हे गृहस्थ कोण? अमेरिकेतल्या ‘इन्फर्मेशन इंडस्ट्री असोसिएशन’चे अध्यक्ष. म्हणजे माहिती विकणाऱ्या कंपन्यांच्या संघटनेचे! गिऱ्हाइकाला माल वापरता यावा म्हणून शिकवणी, आणि ती शिकवणी तुम्ही आमच्या माथी मारताय.

ग्रंथपाल: झुरकोव्स्कींचं खरं आहे. पण त्यांच्या पुष्कळ आधी आपल्याकडे एक गणिताचा प्राध्यापक ग्रंथालयात येऊन बसला होता. शियाळी रामामृत रंगनाथन. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकवायचे, 1924 साली विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. सुरुवातीला त्या शांततेला इतके कंटाळले की परत शिकवायला जाऊ द्या म्हणत होते. 1931 मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला चौथा, वाचकाचा वेळ वाचवा. वाचकाला शोधायला शिकवल्याशिवाय त्याचा वेळ वाचत नाही, सर. दर 12 ऑगस्टला आपण त्यांच्या फोटोला हार घालतो आणि तेराव्या तारखेपासून मला इश्यू काउंटरवर बारकोड मारायला बसवतो. यूजीसीच्या लेखी माझी वेतनश्रेणी तुमच्यासारखीच आहे, पण वर्गात माझं काही काम आहे असं कुणाला वाटत नाही.

(इथं प्राध्यापक गप्प बसतात असं मी आधी लिहिलं होतं. मग वाटलं, तीस वर्षं शिकवलेला माणूस एवढ्यानं गप्प बसत नाही.)

प्राध्यापक: वेतनश्रेणीचा मुद्दा मान्य. पण काम काय करणार वर्गात? की-वर्ड कसा टाकायचा, अवतरणचिन्हं कुठं द्यायची, ‘अँड’ आणि ‘ऑर’? मुलांना हे यूट्यूबवर दहा मिनिटांत कळतं. त्यांना येत नाही ते वेगळंच. त्यांना अर्थशास्त्र येत नाही. ज्याला विषय येतो त्याला शोधता येतं. ज्याला येत नाही त्याच्या हातात जगातली सगळी जर्नल्स दिलीत तरी तो गाईडच उघडणार.

ग्रंथपाल: एक उदाहरण घेऊ या का? तुमचाच विद्यार्थी, तृतीय वर्षाचा. विषय तुम्हीच दिलेला, 1972 चा दुष्काळ आणि आपला तालुका. मुलगा मेहनती. माझ्याकडे आला तेव्हा रडवेला झाला होता. इंग्रजीत ‘फॅमिन’, ‘महाराष्ट्र’, ‘1972’ टाकून त्यानं शोध शोध शोधलं होतं. वर्तमानपत्रांतले आठवणींचे लेख मिळाले, कुणाचे ब्लॉग मिळाले. सरकारी कागद एकही नाही. त्यानं निष्कर्ष काढून टाकला होता की सरकारनं या दुष्काळाची नोंदच ठेवली नाही. प्रकल्पात ते वाक्य लिहूनही झालं होतं.

प्राध्यापक: अरेरे. 1963 चा कायदा.

ग्रंथपाल: बघा, तुम्हाला लगेच कळलं.

प्राध्यापक: कळणारच. महाराष्ट्र विधिमंडळानं 1963 मध्ये कायदा करून राज्याच्या कायद्यांतून ‘फॅमिन’ हा शब्दच काढून टाकला. त्याच्या जागी ‘स्कॅर्सिटी’. कारण काय दिलं, तर शेतीच्या परिस्थितीवर सरकारचं सतत लक्ष असतं, टंचाईची चिन्हं दिसताच मदतीचे उपाय सुरू होतात, तेव्हा आता फॅमिनला वावच उरलेला नाही. म्हणजे 1972 साली लोकांच्या तोंडी दुष्काळ, आणि कागदावर टंचाई. त्यानं ‘फॅमिन’ शोधलं तर सरकारी दप्तरात काय डोंबल सापडणार!

ग्रंथपाल: आम्ही ‘स्कॅर्सिटी’ टाकलं. मग मराठीत ‘टंचाई’, ‘टंचाईसदृश’. मग त्याला विचारलं, तलाठ्याच्या भाषेत पीक बुडालं हे कसं लिहितात? त्याला माहीत होतं, घरचीच शेती. ‘पैसेवारी’. जुन्या कागदांत ‘आणेवारी’. पन्नास पैशांच्या आत पैसेवारी असलेल्या गावांच्या याद्या शोधायच्या, हे त्याला त्याच्या घरच्या अनुभवातून सुचलं. तिथून रोजगार हमी योजना, तिथून त्या योजनेचे जनक वि. स. पागे, तिथून तासगाव तालुक्यातलं विसापूर आणि 1965 मधला तिथला रोजगार हमीचा प्रयोग. एका दुपारीत.

प्राध्यापक: मॅडम, पण हे सगळं मीही त्याला एका मिनिटात सांगितलं असतं.

ग्रंथपाल: सांगितलं नव्हतंत.

प्राध्यापक: मला वाटलं, त्याला माहीत असेल.

ग्रंथपाल: तेच म्हणते मी. तुम्हाला ही गोष्ट कधी, कुठं कळली ते आठवतं का? नाही आठवत. ती तुमच्या अंगात भिनली आहे. ज्याला शोधता येतं त्याला आपण कसं शोधतो हे दिसत नाही. मला दिसतं, कारण ज्यांना सापडत नाही अशी माणसं मी दिवसभर बघते.

प्राध्यापक: वाक्य टाळीचं आहे. पण तुमच्या उदाहरणानं माझाच मुद्दा सिद्ध झाला की! तुम्हाला तो कायदा माहीत होता म्हणून दार उघडलं. ते विषयाचं ज्ञान. ग्रंथालयशास्त्राच्या कुठल्या पेपरात शिकवतात ते?

ग्रंथपाल: कायदा मला माहीत नव्हता, सर. तो मला त्या दुपारी सापडला. मला एवढंच माहीत होतं की ज्यानं कागद लिहिला त्यानं त्या गोष्टीला काय नाव दिलं असेल, हे आधी विचारायचं. सूची करणाऱ्या माणसाचा हा पहिला धडा असतो. एकाच गोष्टीला लेखक एक म्हणतो, वाचक दुसरं, सरकार तिसरं. 1918 च्या साथीला आपल्या पणज्या मानमोडी म्हणत, अहवालात मात्र इन्फ्लुएन्झा. ही सवय एका विषयाची नाही. इतिहासाच्या मुलाला ती लागते, भूगोलाच्या मुलाला लागते. आणि ती यूट्यूबवर दहा मिनिटांत येत नाही, कारण तिथं शोधणाऱ्याचा स्वतःचा प्रश्न नसतो.

(माझ्या मते वाद इथं निम्मा मिटला. विषय आधी की शोधाची रीत आधी, हा प्रश्नच त्या दुपारी लागू होत नाही. मुलाला कायद्याची गरज होती हे शोधामुळे कळलं, आणि कायदा कळल्यावर शोध पुढे सरकला. पण प्राध्यापकांचा खरा आक्षेप अजून यायचा होता.)

प्राध्यापक: बरं, शोधणं राहू द्या. तुम्ही दुसरं जे शिकवता त्याची मला जास्त धास्ती वाटते. ‘स्रोतावर शंका घ्या.’ लेखक कोण, हेतू काय, पैसा कुणाचा. कागदावर छान दिसतं. पण या मुलांनी आत्ता कुठे छापील पुस्तकावर विश्वास ठेवायला सुरुवात केली आहे, आणि तुम्ही त्यांना पहिल्या दिवसापासून संशय शिकवताय. परिणाम बघा. लस घेऊ नका म्हणणारा माणूसही म्हणतो, ‘मी स्वतः संशोधन केलं आहे.’ पृथ्वी सपाट म्हणणाराही तेच म्हणतो. डॅना बॉइड या अमेरिकी संशोधिकेनं 2018 साली हीच भीती जाहीर बोलून दाखवली होती. प्रत्येक गोष्टीवर शंका घ्यायला शिकवलंत, तर मुलं शेवटी कुणावर विश्वास ठेवणार? घरच्यांवर आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर.

ग्रंथपाल: ही भीती मलाही आहे. प्रश्नावली देऊन खुणा करायला लावणं मी त्यामुळेच सोडलं. कॅलिफोर्नियातल्या चिको इथल्या एका ग्रंथपालबाईंनी 2004 मध्ये अशी एक कसोटी बसवली होती, ताजेपणा, संबंध, अधिकार, अचूकता, हेतू. जगभर गाजली. अडचण अशी, की मूल संकेतस्थळाच्या पानावरच बसून त्या पानाची परीक्षा घेतं. लबाड पान मोठं नीटनेटकं असतं, ते सगळ्या कसोट्यांना उतरतं. खरी युक्ती म्हणजे पान सोडून बाहेर जाणं. त्या पानामागच्या संस्थेबद्दल दुसरे काय म्हणतात ते आधी बघायचं.

प्राध्यापक: यात नवीन काय?

ग्रंथपाल: स्टॅनफर्डच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी एक प्रयोग केला, तो 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. पंचेचाळीस माणसं. दहा पीएच.डी. झालेले इतिहासकार, दहा वृत्तसंस्थांमधले व्यावसायिक तथ्यतपासनीस, पंचवीस स्टॅनफर्डचे विद्यार्थी. त्यांना बालरोगतज्ज्ञांच्या दोन संघटनांची संकेतस्थळं दाखवली. एक 1930 पासूनची, 60,000 हून अधिक सभासदांची. दुसरी 2002 मध्ये फुटून निघालेली, काहीशे लोकांची, पण नाव तितकंच भारदस्त. विश्वासार्ह कोण? तपासनीस काही क्षणांत ते पान सोडून दुसऱ्या टॅबमध्ये गेले आणि अचूक सांगून मोकळे झाले. विद्यार्थी बहुतेक फसले. आणि इतिहासकार, सर, ज्यांचा जन्म साधनांची चिकित्सा करण्यात गेला, त्यांच्यातले अनेक जण पानावरचा मजकूर बारकाईनं वाचत बसले आणि गडबडले.

प्राध्यापक: इतिहासकार! अर्थशास्त्रज्ञ नव्हते त्यात.

ग्रंथपाल: नव्हते. म्हणून तुम्ही सुटलात.

प्राध्यापक: (हसून) पुढं बोला.

ग्रंथपाल: तपासनिसांनी प्रत्येक गोष्टीवर शंका घेतली नाही. उलट त्यांनी पटकन ठरवलं की कशावर वेळ घालवायचा नाही. मला मुलांना संशय शिकवायचा नाही. कुणाच्या शब्दावर किती भरवसा ठेवायचा, आणि कशाबद्दल, ते शिकवायचं आहे. दुष्काळावर लिहिणाऱ्या त्याच मुलाचं उदाहरण घ्या. त्याच्या आजीनं 1972 साली खडी फोडली होती. पाझर तलावाच्या कामावर होती. कामावर खायला सुकडी कशी मिळायची, परदेशातून आलेल्या माइलो ज्वारीच्या भाकरीला चव कशी नव्हती, हे ती तासभर सांगू शकते.

प्राध्यापक: हो, आणि तुमच्या डेटाबेसात आजी सापडत नाही. माझा सगळ्यात मोठा राग तोच आहे. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या नियतकालिकांच्या सरकारी योजनेचा एवढा गाजावाजा झाला. तीन वर्षांना 6,000 कोटी रुपये, 13,000 नियतकालिकं. एक तर ती योजना सरकारी संस्थांसाठी, आपण अनुदानित म्हणून बाहेर. आत असतो तरी काय? सगळं इंग्रजीत. माझ्या वर्गातल्या मुलीला शोधनिबंधाचा सारांश वाचायला अर्धा तास लागतो. तिला ‘शोधायला’ शिकवणं म्हणजे तिला न वाचता येणाऱ्या गोष्टींचा ढीग तिच्यापुढं लावणं. तिची खरी अडचण शोधाची नाही, भाषेची आहे, आणि त्यावर तुमच्या तीन तासांत काही नाही.

ग्रंथपाल: नाही. त्यावर माझ्याकडे पुरतं उत्तर नाही.

(ग्रंथपालबाईंच्या बाजूनं लिहिताना मला इथं अडायला झालं. माहिती साक्षरतेवरचं बहुतेक लेखन असं गृहीत धरतं की सापडलेलं वाचता येतंच. आपल्या तालुक्यातल्या महाविद्यालयांत ते गृहीत धरता येत नाही, आणि कुठल्याही कार्यशाळेनं ते भरून निघत नाही.)

ग्रंथपाल: पण अर्धं उत्तर आहे. मराठीत काही नाही असं समजून ती मुलगी थेट इंग्रजीकडे जाते आणि तिथं अडते. तिला कुणी सांगितलेलं नसतं की वाईचा विश्वकोश वीस खंडांचा आहे आणि तो फोनवर उघडतो. जिल्ह्याचं गॅझेटिअर मिळतं. 1800 ते 1937 पर्यंतच्या मराठी पुस्तकांची शंकर गणेश दात्यांनी केलेली सूची आपल्याच संदर्भ विभागात, खालच्या फळीवर आहे. विश्वकोशातली नोंद आधी वाचली की इंग्रजी निबंधातले निम्मे शब्द ओळखीचे होतात. आधी मराठी, मग इंग्रजी, हा क्रम शिकवता येतो.

प्राध्यापक: आणि आजी?

ग्रंथपाल: आजीही साधनच. पण तिला प्रश्न कसे विचारायचे, उत्तर तिच्याच शब्दांत कसं टिपायचं, तारीख कशी घालायची, तिची परवानगी कशी घ्यायची, हे शिकवावं लागतं. माइलोच्या चवीबद्दल आजीइतका अधिकार कुणाचाच नाही. मे 1973 मध्ये दुष्काळी कामांवर राज्यभर जवळपास 50 लाख मजूर होते, हे मात्र आजीला विचारून कळत नाही. त्यासाठी कागद लागतो. मुलं नेमकं उलटं करतात, आकडा ऐकीव घेतात आणि चव इंटरनेटवरून.

प्राध्यापक: हे आवडलं मला. हे वापरीन. तुमचं नाव सांगून.

ग्रंथपाल: त्यालाच आम्ही संदर्भ देणं म्हणतो.

प्राध्यापक: पण आता सगळ्यावर पाणी फिरवणारी गोष्ट सांगतो. परवा एका मुलीनं प्रकल्पाला संदर्भसूची जोडली. इतकी देखणी की मला शंका आली. सात पुस्तकं. लेखक खरे, प्रकाशक खरे, आणि त्यातली चार पुस्तकं अस्तित्वातच नाहीत. चॅटजीपीटी. विचारलं तर म्हणते, ‘सर, संदर्भ पाहिजेत असं तुम्हीच म्हणालात.’

ग्रंथपाल: ती खोटं बोलत नव्हती. तुम्ही सूची मागितलीत, तिनं सूची दिली. न्यूयॉर्कमध्ये 2023 साली वकिलांनीही हेच केलं होतं. न्यायालयात यंत्रानं रचलेल्या खटल्यांचे दाखले दिले आणि 5,000 डॉलरचा दंड भरला. आता मला बोलू द्या, सर, कारण इथं मी तुमच्यावर येणार आहे. आपण मुलांना जे काम देतो ते कसं असतं? ‘भारतातील दारिद्र्याची कारणे, वीस पाने, शेवटी संदर्भ.’ या कामाला शोध लागतच नाही. पूर्वी ते गाईडवरून उतरवायचे, मग विकिपीडियावरून, आता यंत्र लिहून देतं. काम तेच, फक्त हमाल बदलला. मुलं मला काय विचारतात माहीत आहे? ‘मॅडम, दहा टक्के चालतं ना?’ यूजीसीच्या 2018 च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, त्यातून त्यांनी काढलेला अर्थ हा. उचलेगिरीचा कोटा! आणि इंग्रजी परिच्छेद मराठीत उतरवला की यंत्राला साम्य दिसत नाही, हेही त्यांना ठाऊक आहे. ही हुशारी आपण शिकवली. उत्तर आधीपासून कुठंतरी तयार आहे असाच प्रश्न आपण दरवर्षी देतो.

प्राध्यापक: म्हणजे दोष माझा.

ग्रंथपाल: दुष्काळाचा विषय तुम्हीच दिला होतात. तो उतरवून काढता येत नव्हता. म्हणून तर मुलगा माझ्यापर्यंत आला. तसे विषय द्या, बाकीचं मी बघते.

प्राध्यापक: ऐंशी मुलांना ऐंशी असे विषय? मॅडम, मी एकटा आहे. विभागातलं दुसरं पद रिकामं, तासिका तत्त्वावरचा मुलगा जूनमध्ये येतो आणि मार्चमध्ये जातो. वीस पानं तपासणं सोपं असतं म्हणून वीस पानं मागतो, हे मीही जाणतो.

ग्रंथपाल: मग वीस पानं मागू नका. चार मागा, आणि सोबत शोधवही. कुठले शब्द टाकले, कुठं टाकले, काय मिळालं, काय सोडलं आणि का सोडलं. यंत्र वापरलं असेल तर त्याला काय विचारलं आणि त्यानं सांगितलेलं दुसरीकडे कुठं पडताळलं. आपल्या ग्रंथालयातलं एक पुस्तक तरी, दाखल क्रमांकासह. वही मी तपासते, पानं तुम्ही.

प्राध्यापक: वहीसुद्धा यंत्रच लिहून देईल.

ग्रंथपाल: देईल काही जणांना. म्हणून प्रत्येकाला पाच मिनिटं समोर बसवून विचारायचं, ‘हे का सोडलंस?’ ऐंशी मुलं, पाच-पाच मिनिटं. तुमचे-माझे मिळून साडेसहा-सात तास. वीस पानांच्या ऐंशी वह्या तपासायला किती लागतात?

प्राध्यापक: आणि गुण? गुण नसतील तर मुलं वही शिवायचीही नाहीत. प्रकल्पाच्या गुणांतले दहा टक्के देतो.

ग्रंथपाल: तीस.

प्राध्यापक: वीस. त्यावर गेलो तर अभ्यास मंडळ माझ्या नावानं ओरडेल. आणि तुमच्या तीन तासांना मी मागच्या बाकावर बसणार.

ग्रंथपाल: मागच्या बाकावर नाही. पहिल्या तासाला तुम्ही प्रोजेक्टरपुढं उभं राहायचं. एक विषय, जो तुम्ही कधी शोधलेला नाही. मुलांसमोर, जिवंत. तुम्ही कुठं चुकता, कुठं मागे फिरता, कुठला शब्द बदलता, ते त्यांना दिसू द्या.

प्राध्यापक: आणि फजिती झाली तर?

ग्रंथपाल: झाली तर मुलं नीट बघतील.

प्राध्यापक: बरं. पण विषय मी निवडणार.

ग्रंथपाल: मग काय उपयोग, सर? विषय मुलं निवडतील.